तिसरी रिंग

माझ्या हातून एकही चूक न होता पार पडलेली कामं मोजायला बसले, तर एका हाताची बोटंही जास्त होतील. त्यात पहिला नंबर लागतो आमच्या वर्गात मी लावलेल्या राउटरचा. सगळ्या तारा बरोबर जागी, सगळे आकडे बरोबर, सगळे दिवे पेटलेले. त्या कामात आजही कुणाला खोट काढता यायची नाही. आणि त्याच कामाची आठवण कुणी काढली की अजून मी विषय बदलते.

आमचं घर नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला लागून. पुढची मोठी खोली वडिलांच्या टायपिंग क्लासची, मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आमचं. बियाणं कंपन्यांच्या आणि बँकांच्या ऑफिसांत बसलेले कितीतरी कारकून आमच्याच यंत्रांवर बोटं आपटून गेलेले. वडील खुर्चीत बसून मजकूर सांगायचे, सावकाश, एकेक वाक्य तोडून, वाक्य संपलं की मोठ्यानं ‘फुलस्टॉप’ म्हणायचे. मागच्या खोलीत अभ्यास करताना आम्हा दोघी बहिणींच्या कानावर दिवसभर तेच. वडील गेले तेव्हा टायपिंगचे दिवसही जात चालले होते. मी क्लास ताब्यात घेतला, अर्धी यंत्रं काढली आणि एकेक करत पाच संगणक आणले.

मी तेव्हा तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आणि जिभेला धार असलेली. मुलं तोंडावर मॅडम म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची ते मला माहीत होतं आणि त्याचं मला काही वाटत नसे. संगणकाच्या बाबतीत मला विचारल्याशिवाय या गावात पान हलत नाही, अशी माझी समजूत होती. समजूत होती म्हणजे तशी मी करून घेतली होती.

धाकटी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला हसनाबादला दिलेली. घर खाऊनपिऊन सुखी, जमीन काळी, विहिरीला पाणी. नवरा गरीब स्वभावाचा, म्हणजे आईसमोर तोंड न उघडणारा. सासू करारी. सून माहेरी फोन लावून बसते हे त्या बाईला बिलकुल खपत नसे. फोनवर बोलणं झालं की घरात भांडण येतं, असं तिचं म्हणणं. घरी फोनही नव्हता. जो काही होता तो बसथांब्याजवळच्या बूथवर. आठवड्याच्या बाजाराला सासू-सुना बरोबर यायच्या आणि सासू भाजीचा भाव करण्यात गुंतली की बहीण बांगड्या बघायच्या निमित्तानं बूथमध्ये शिरायची. तिला तेवढाच वेळ मिळायचा.

त्या काळी घरोघर रिंगांचे ठराव होते. कुणी पुण्याला पोचलं की एक रिंग देऊन ठेवायचं, कुणाला दुकानातून जेवायला बोलवायचं तर दोन. फोन उचलायचा नाही, म्हणजे बिल पडत नाही. आमचा ठराव आईनं केला होता. बाजाराच्या दिवशी अकरा ते एकच्या मध्ये दोन रिंगा वाजून फोन बंद झाला, म्हणजे पोरगी खुशाल आहे. दोनावर थांबला नाही, वाजतच राहिला, तर समजायचं की काही तरी बिघडलंय, मला न्यायला या. तिसरी रिंग वाजल्याशिवाय त्या दोन तासांत कुणी फोनला हात लावायचा नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली, तिसरी रिंग कधी वाजली नव्हती.

फोन मधल्या दाराच्या कोनाड्यात ठेवलेला, पुढं-मागं दोन्हीकडे ऐकू यावा म्हणून. दोन रिंगा झाल्या की आई डब्यातून चिमूटभर साखर घ्यायची, देवापुढे ठेवायची आणि पुन्हा कामाला लागायची. मला त्या साखरेचं हसू यायचं. पण बाजाराच्या दिवशी माझंही लक्ष कोनाड्याकडेच असायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी बहिणीला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरचं. पण आठवा महिना लागायला आणि कापसाची वेचणी भरात यायला एकच गाठ पडली. मजूर मिळत नव्हते. वेचणी उरकली की पाठवतो, असा सासूचा निरोप आला. आपल्याकडे पोरीनं आपल्या पायानं माहेरी येण्याची पद्धत नाही. माहेरचं माणूस न्यायला गेलं पाहिजे, मुराळी लागतो. आणि त्यांनी बोलावल्याशिवाय आपण गेलो तर आगाऊपणा होतो. आईनं ठरवलं की वाट पाहायची. मध्ये काही बिघडलं तर पोरगी फोन वाजवत ठेवीलच.

आता राउटरकडे येते.

वर्गातल्या मुलांना इंटरनेट हवं होतं. सगळ्यांना ई-मेलचा पत्ता हवा होता. तो घेऊन ते लिहिणार कुणाला, हा प्रश्न त्यांना पडत नव्हता. फोनची लाइन एक आणि मोडेम एका संगणकाला जोडलेला. त्या एका पडद्यापुढे पंधरा डोकी. औरंगाबादच्या एका दुकानदारानं मला सांगितलं की मॅडम, एक डबा येतो, मोडेम त्याला जोडायचा, पाचही संगणक त्याला जोडायचे. कुणीही पान मागितलं की डबा स्वतः फोन लावतो आणि आलेलं सगळ्यांना वाटून देतो. त्याच्याकडे एक जुना होता. मी तो मांडीवर घेऊन एसटीनं आले.

जेवणाच्या डब्याएवढी ती वस्तू. आईनं तिचं नाव लगेच ‘डबडं’ ठेवलं. पहिल्या दिवशी डबडं आणि मोडेम एकमेकांशी बोलेनात. मी वर्गावर जेवढी खेकसते तेवढी त्या दोघांवर खेकसले. मग पुस्तिकेतलं बारीक अक्षर वाचताना कळलं की तार चुकीची आहे. पुन्हा औरंगाबाद, पुन्हा एसटी. दुसऱ्या दिवशी संगणकावर डबड्याचं पान उघडलं आणि एकेक रकाना भरत गेले. कुठला नंबर लावायचा, नाव काय, पासवर्ड काय, कुणी काही मागितलं नाही तर किती मिनिटांनी फोन ठेवायचा.

शेवटी एक प्रश्न होता. बाहेरून फोन आला तर मोडेमनं उचलायचा का? दुकानदारानं आधीच सांगून ठेवलं होतं, मॅडम तिथं हो म्हणा, म्हणजे काही बिघाड झाला तर मी इथूनच फोन लावून डब्यात शिरेन आणि दुरुस्त करून देईन, तुम्हाला एसटीचा हेलपाटा नको. मी हो म्हटलं. त्याखाली दुसरा रकाना होता. किती रिंगांनंतर उचलायचा?

मी दोन लिहिलं.

का लिहिलं, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. तिथं आधी एक होता. एका रिंगेत आईला फोनपर्यंत पोचता येणार नाही, एवढा विचार मी केला असावा. पण दोनच का, पाच का नाही? दोन हा आकडा आमच्या घरात खुशालीचा होता, माझ्या बोटांत बसलेला होता. बोटांनी तो लिहिला आणि मी पुढच्या रकान्याकडे वळले.

मोडेमवरच्या दिव्यांच्या रांगेत आणखी एक दिवा पेटला, ज्याखाली इंग्रजीतले दोन ए छापलेले होते. आपण होऊन फोन उचलायला मी तयार आहे, एवढाच त्या दिव्याचा अर्थ. मला तो अर्थ माहीत होता. हेच तर आहे, मला सगळ्याच दिव्यांचे अर्थ माहीत होते.

मग मोडेमनं नंबर फिरवला, कर्कश ओरडला, घसा खाकरला आणि शांत झाला. पाचही पडद्यांवर एकच पान वरून खाली हळूहळू उतरायला लागलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आई पिठाच्या हातानं मधल्या दारात येऊन उभी राहिली होती. एका फोनवर पाच जण कसे बोलतात, असं तिनं विचारलं. वाटून घेतात, मी म्हटलं. मग तिनं तिच्या मनातलं विचारलं.

“आन् बाजाराच्या दिवशी? तिचा फोन लागंल ना बराबर?”

मी तिला शब्द दिला. बाजाराच्या दिवशी अकरा ते एक वर्गाला इंटरनेट बंद, लाइन मोकळी. आणि मी तो शब्द अक्षरशः पाळला. त्या दोन तासांत एकाही मुलाला मी पान मागू दिलं नाही, नुसते टायपिंगचे पाठ करायला लावले. मोडेमच्या ओरडण्यानं आई दचकायची म्हणून त्याचा आवाज मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता. डबडं मात्र चालूच ठेवलं, कारण उगाच बंद-चालू करू नका असं दुकानदारानं बजावलं होतं. लाइन मोकळी होती. मोडेम जागा होता.

पहिल्या बाजाराला दोन रिंगा वाजल्या. आईनं साखर ठेवली. पाचेक मिनिटांनी पुन्हा दोन रिंगा वाजल्या आणि थांबल्या. आई हसली. आज पोरगी लाडात आलीय, दोन डाव खुशाली सांगून राह्यली, असं म्हणाली आणि तिनं पुन्हा साखर ठेवली. दुसऱ्या बाजाराला दोन रिंगा. तिसऱ्या बाजाराला दोन रिंगा. साखरेला मुंग्या लागल्या म्हणून मी आईशी वाददेखील घातला.

मधल्या दिवसांत वाटूरच्या मामांचा फोन आला. आईनं उचलल्यावर मामा म्हणाले की परवा तुम्ही दोघी घरी नव्हत्या वाटतं, मी फोन लावला तर आतून कुणीतरी किंचाळून राह्यलं होतं. आईनं घाबरून फोन माझ्या हातात दिला. मी मामांना मोडेम म्हणजे काय, तो दुसऱ्या मोडेमशी कसा बोलतो, हे सगळं ऐकवलं. मामा हो-हो म्हणत राहिले. मला मनातून फार बरं वाटलं, की चला, वाटूरपर्यंत आपलं यंत्र पोचलं. मामांना समजावून सांगताना माझ्या तोंडून शब्द असे गेले होते: “दोन रिंगांत कुणी उचलला नाही, तर तो उचलतो, मामा.” हे मी माझ्या तोंडानं बोलले. आई शेजारी उभी होती. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही.

चौथ्या बाजाराला अकरा वाजायच्या आतच वीज गेली. त्या दिवसांत भारनियमनाला काही धरबंध नव्हता. मी वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडली, मुलांना घरी घालवलं आणि मागच्या खोलीत येऊन पेपर चाळत बसले. पंखा बंद, संगणक बंद, डबडं बंद. फोनला मात्र तारेतूनच वीज येते, तो चालू होता.

साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. पहिली रिंग. आई साखरेच्या डब्याकडे गेली. दुसरी रिंग. आईनं चिमटीत साखर घेतली आणि देवाकडे वळली.

तिसरी रिंग वाजली.

आई होती तिथंच थांबली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी फोन असेल. चौथी वाजली. पाचवी. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. तिच्या ओठांची हालचाल होत होती, ती रिंगा मोजत होती. तिच्या चिमटीतून साखर खाली सांडत होती आणि तिला ते कळत नव्हतं. मी उठले, कोनाड्यापर्यंत गेले आणि फोन कानाला लावला.

मी हॅलो म्हणायच्या आधीच बहिणीचा आवाज सुरू झाला होता. ती माझ्याशी बोलत नव्हती. सावकाश, एकेक वाक्य तोडून, मध्ये थांबून ती काही तरी सांगत होती, आमचे वडील वर्गात मजकूर सांगायचे तसं.

“आई, मी हसनाबादहून बोलून राह्यले. फुलस्टॉप. पाय लई सुजले. तोंडबी सुजलं. फुलस्टॉप. डोकं ठणकतं. डोळ्यापुढं अंधारी येते. फुलस्टॉप. मला घेऊन जा. जल्दी घेऊन जा.”

मी म्हटलं, अगं, मी आहे, ताई. मग ती अगदी हळू म्हणाली, “ताई? तू हायेस?” तिला रडू फुटलं आणि फोन बंद झाला.

मी फोन ठेवला. आईनं काय झालं ते विचारलं नाही. तिनं वेगळंच विचारलं. मागल्या बाजारी तर दोनच वाजल्या होत्या, त्याच्या मागल्या बाजारीही दोनच, मग एकाच आठवड्यात इतकं कसं बिघडलं? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझी नजर पुढच्या खोलीत गेली. टेबलावर डबडं होतं, त्याशेजारी मोडेम. सगळे दिवे विझलेले. ते दोन ए वालाही.

मी जाऊन टेबलापाशी उभी राहिले. ते विझलेलं होतं, म्हणून आज तिसरी रिंग वाजली होती. मागचे तीन बाजार ते पेटलेलं होतं. बहीण तिकडे फोन वाजवत ठेवत होती, वाजतच ठेवत होती, आणि इकडे दोन रिंगांनंतर मोडेम तो उचलत होता. तिचं ‘मला न्या’ घराच्या आत येईपर्यंत ‘मी खुशाल आहे’ होत होतं. आम्ही त्याला साखर ठेवत होतो. एक बिघाड नाही, एक तार सैल नाही. मी सांगितलं होतं तेच, मी सांगितलं होतं तितक्याच रिंगांनी, ते करत होतं.

स्टँडवरून जीप ठरवली आणि राजूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आईला मी जीपमध्येच सगळं सांगितलं, कारण न सांगता माझ्यानं बसवेना. ती शिव्या देईल, रडेल, माझ्या तोंडात मारील, असं मला वाटलं. खरं तर तसं तिनं करावं असंच वाटत होतं. तिनं ऐकून घेतलं आणि बोटांना चिकटलेली साखर पदराला पुसत राहिली. हसनाबाद येईपर्यंत ती तेच करत होती.

बाजारातून घरी परतलेली सासू ओट्यावर बसली होती. तिनं पाणी दिलं आणि आधी तक्रार केली. तुमच्याकडून मुराळी काही आला नाही, पहिल्या बाळंतपणाला इतकी बेफिकिरी आम्ही कुठं पाहिली नाही, वेचणीचं आम्ही बोललो होतो पण तुम्ही एकदा येऊन विचारायचं तरी. ती खोटं बोलत नव्हती. तिकडून ते आमची वाट पाहत होते आणि इकडून आम्ही त्यांची.

मग बहीण आतून आली. मी तिला ओळखलं नाही. हे मी वाढवून सांगत नाही. दारात एक सुजऱ्या तोंडाची बाई उभी राहिली, डोळे बारीक झालेले, बांगड्या मनगटात रुतलेल्या, आणि ही कोण, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तिनं पायांत चप्पल घातली नव्हती कारण पाय चपलेत मावत नव्हते. आईनं तिच्या पायावर बोट दाबलं. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला.

पहिल्या खेपेला पाय सुजतातच, सासू म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. डोकं दुखतं, दिसत नाही, हे तिनं आमच्याजवळ कधी काढलंच नाही, असंही ती म्हणाली. बहीण खाली बघत राहिली. पुढं सासूनंच तिचं गाठोडं बांधलं, आणि तिला जीपमध्ये चढवताना एका बाजूनं सासू होती, एका बाजूनं मी.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि आमच्याकडे मान वर करून विचारलं की हे किती दिवसांपासून आहे. तीन-चार आठवडे, बहीण म्हणाली. बाईंनी पेन खाली ठेवलं. तुमच्या घरात शिकलेलं कुणीच नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट उघडून मूल काढलं. मुलगी. दोन तळहातांत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, बहिणीला झटका येऊ नये म्हणून सलाइनमधून औषध चालू राहिलं. आणखी एखादा आठवडा असाच गेला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती, असं बाईंनी आईला स्पष्ट सांगितलं. आई हात जोडून उभी होती.

मी मध्येच एकदा घरी गेले. वीज होती. संगणक लावला, डबड्याचं पान उघडलं, ‘हो’ होतं तिथं ‘नाही’ केलं. ते दोन ए विझले. एक मिनिटही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बहिणीची सूज जरा उतरली आणि तिला बोलावंसं वाटलं. आई तिच्या पायथ्याशी बसली होती, मी खिडकीपाशी. काय आणि कसं सांगायचं याची जुळवाजुळव मी दोन दिवस करत होते. मोडेमपासून सुरुवात करायची की रिंगांपासून, हेच ठरत नव्हतं. तिनंच विचारलं, ताई, तुमचं ते मशीन बिघडलं होतं का?

मग तिनं सांगितलं. पहिल्या बाजाराला तिनं फोन वाजवत ठेवला. दोन रिंगांनंतर कुणीतरी उचलला आणि आतून किंचाळी आली. तिनं घाबरून फोन ठेवला. बूथवाल्यानं मग स्वतः नंबर लावला, कानाला लावून ऐकलं आणि हसून फोन तिच्या हातात देत सांगितलं की घाबरू नका, तुमच्या ताईनं फॅक्स लावलाय. त्याच्यात इकडं बोललेलं तिकडं कागदावर उमटून निघतं. त्यालाही बहुधा खरंच तसं वाटत असावं. त्याच्या स्वतःच्या मशीनमधून दर फोनला कागद निघतच होता. बहिणीलाही ते पटलं. तिची ताई संगणकवाली. ताईच्या घरी असं मशीन नसेल तर कुणाच्या असणार?

म्हणून ती त्या किंचाळीत बोलली. पहिल्या बाजाराला बोलली, दुसऱ्या बाजाराला बोलली, तिसऱ्या बाजाराला बोलली. लिहिणाऱ्याला सोपं जावं म्हणून सावकाश, वाक्यं तोडून, फुलस्टॉप सांगत. आणि एकदा तिकडे कळवलं आहे, आता माणूस येईलच, म्हणून सासूजवळ तिनं शब्द काढला नाही. रोज कापूस वेचता वेचता रस्त्याकडे बघत राहिली.

उशाखालच्या रुमालातून तिनं बूथच्या चिठ्ठ्या काढून माझ्या हातात दिल्या. फोन उचलला गेला होता म्हणून त्या निघाल्या होत्या. प्रत्येकीवर आमचा नंबर, आणि पुढे किती सेकंद बोलणं झालं तो आकडा. पहिलीवर अगदी थोडे. मग दर चिठ्ठीला जास्त. तिसऱ्या बाजाराला जवळजवळ मिनिटभर ती बोलली होती, मोडेमनं कंटाळून फोन ठेवेपर्यंत.

“तीन डाव सांगितलं मी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. “कागद निघाला न्हाई का, ताई?”

तिनं जे सांगितलं ते कुणीच ऐकलं नव्हतं, कुठंच उमटलं नव्हतं, हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मी चिठ्ठ्या एकावर एक लावत राहिले. आईनं तिच्या पायावरून हात फिरवायचा थांबवला नाही.

“निघाला व्हता, माय,” आई म्हणाली. “आमालाच वाचता आला न्हाई.”

बहिणीनं मान हलवली आणि कुशीवर वळून डोळे मिटले.